शनिवारचा सिनेमा आणि एक रुपयाचा गल्ला
(मंडळाच्या श्रावणातील स्नेहमेळाव्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला भाषणाची सवय नाही. आमचं शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा आणि नोकरी राज्य शासनाची. वीस वर्षांत जे काही लिहिलं ते मेजरमेंट बुकात आणि नोटशीटवर. सचिवांनी फोन केला, "काहीही बोला, पण वीस मिनिटांत आटपा." आम्ही म्हटलं, काहीही म्हणजे काय? ते म्हणाले, "तुमच्या घरी दर शनिवारी सिनेमा असतो म्हणे. त्यावरच बोला." आता घरातली गोष्ट सचिवांपर्यंत कशी गेली, याची चौकशी करण्याची गरज नाही. आमच्या सौभाग्यवती महिला शाखेत आहेत.

सुरुवातीलाच एक खुलासा. आम्ही 'आम्ही' म्हणतो तेव्हा घरातले पाच जण समजावेत: आमची आई, सौभाग्यवती, बारावी झालेली कन्या, आठवीतले चिरंजीव आणि आम्ही स्वतः. कुठे मत एकट्याचंच असेल तर तेही 'आम्ही'च्या आड जाईल. सरकारी कागदावर 'मी' लिहायची सवय नसते.

झालं असं की, कन्येची बारावी संपत आली आणि घरात सर्वांच्या लक्षात आलं, की ही आता बाहेरगावी जाणार. मग ठरलं, पेपर संपल्यापासून ती जाईपर्यंत दर शनिवारी रात्री सगळ्यांनी मिळून एक सिनेमा पाहायचा. थिएटरात मिळाला तर थिएटरात, नाहीतर मोबाईल टीव्हीला जोडून. सिनेमा कुठल्याही भाषेतला चालेल, पण नंतरची चर्चा मराठीत करायची. हिंदी शब्द आला की गल्ल्यात एक रुपया. इंग्रजी शब्दांना माफी दिली, कारण नाहीतर घरदार विकावं लागलं असतं. नियम आम्हीच काढला आणि सर्वांत जास्त दंड आम्हीच भरला. दिवसभर ऑफिसात 'प्रकरण', 'निराकरण' आणि 'तत्काल' करणाऱ्या माणसाची जीभ शनिवारी एकदम सदाशिव पेठेत जात नाही.

असे अठरा शनिवार झाले. सगळे सांगत बसलो तर आरतीला उशीर होईल. निवडक सांगतो.

पहिला मान अर्थात 'छावा'चा. लक्ष्मण उतेकरांचा, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा, विकी कौशलचा. १४ फेब्रुवारीला लागला, आपल्या राज्यात करमुक्त झाला. आमच्याकडे परीक्षा होती, त्यामुळे आम्ही पाहीपर्यंत अर्ध्या गावाचा दुसऱ्यांदा पाहून झाला होता. मध्यंतरी मार्चमध्ये काय झालं ते आपण सर्व जाणताच. आसीरगडाजवळच्या शेतांत रात्री टॉर्च, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन लोक मोगलांचं सोनं शोधायला उतरले, आणि आपलं बऱ्हाणपूर देशभरच्या बातम्यांत झळकलं. आम्ही एक साधा हिशेब मांडतो. सिनेमात तर दाखवलंय की खजिना मराठे घेऊन गेले. मग जो माल नेला, तो शेतात कुठून सापडणार? शोधायचाच तर रायगडाकडे शोधायला हवा होता. पण गर्दीला मोजमाप सांगण्यात अर्थ नसतो.

सिनेमा म्हणून सांगायचं तर विकी कौशलने जीव ओतला आहे. अक्षय खन्नाचा औरंगजेब फार कमी बोलतो आणि म्हणूनच भीती वाटते. शेवटचा अर्धा तास आमच्या आईने डोळे मिटून पाहिला. गाणी आणि पार्श्वसंगीत रहमानचं आहे, पण आमच्या कानाला ते सह्याद्रीतलं वाटलं नाही. लढाया लांबल्या. येसूबाईंना काम थोडं आहे.

मात्र आमच्यासाठी खरा प्रसंग सुरुवातीलाच आहे. संभाजीराजे बऱ्हाणपुरावर चालून येतात. थिएटरात पडद्यावर गावाचं नाव आलं आणि शिट्ट्यांचा असा कल्लोळ झाला की पुढचे दोन संवाद ऐकूच आले नाहीत. लोक आपलंच गाव लुटलं जाताना टाळ्या वाजवत होते! इतिहासातली गोष्ट अशी, की १६८१ च्या जानेवारीत संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला आणि महिनाअखेरीला मराठ्यांच्या फौजेने इथे छापा घातला. बहुतेक इतिहासकार या छाप्याचं नेतृत्व सरसेनापती हंबीरराव मोहित्यांकडे देतात. तटाच्या आतलं शहर हाती लागलं नाही. तटाबाहेरचं बहादूरपुरा आणि आजूबाजूची श्रीमंत पुरं तीन दिवस लुटली गेली. औरंगाबादेहून मोगल सरदार मदतीला निघाला तोवर मराठे पसार झाले होते. सिंहाशी झुंज वगैरे सिनेमातली भर आहे.

घरी आल्यावर चर्चा सुरू झाली. चिरंजीव तलवार फिरवत होते. कन्या गप्प होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाबा, आपण यातले कोण? लुटणारे की लुटले गेलेले?"

आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काहीच सुचलं नाही. आडनाव पाहिलं तर आपण त्या घोड्यांवरचे. पत्ता पाहिला तर आपण त्या तटाखालचे. सौभाग्यवती म्हणाल्या, "जेवून घ्या आधी." प्रश्न तसाच राहिला. तो पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवावा.

त्यानंतरच्या शनिवारी चिरंजीवांच्या हट्टाने 'मुंज्या'. २०२४ चा, आदित्य सरपोतदारांचा. मुंज झाल्यावर लगेच मेलेला पोरगा पिंपळावर भूत होऊन बसतो आणि लग्न लावून द्या म्हणून मागे लागतो. कोकणातलं भूत, कोकणातली माणसं, आजीच्या कामात सुहास जोशी, आणि सिनेमा हिंदी. आमच्या आईने पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "हे मराठी भूत हिंदीत का बोलतंय?" चिरंजीव म्हणाले, "आजी, ते एमपीत शिकलं असेल." भीती थोडी, हसू जास्त. मुलांबरोबर पाहायला छान. आईला पटला नाही. तिच्या मते मुंज्या पिंपळावर असतो हे बरोबर आहे, पण तो इतका बोलत नाही.

'वाळवी' पाहिला तेव्हा मात्र घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. परेश मोकाशींचा, २०२३ चा, मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोचा काटा काढायचं ठरवतात, आणि पहिल्या तासातच सगळं ठरल्यापेक्षा वेगळं होऊन बसतं. पुढचं सांगणार नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांचा घास काढून घेतल्यासारखं होईल. आम्ही बांधकामातले, म्हणून एवढंच सांगतो की याचं डिझाईन पक्कं आहे. एकही खांब उगाच उभा केलेला नाही. पहिल्या भागात ठेवलेली प्रत्येक वस्तू शेवटी भार घेते. आणि वाळवी काय करते हे ज्याने सरकारी रेकॉर्ड रूम पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. स्वप्नील जोशी आणि सुबोध भावे आवडलेच, पण अनिता दाते जास्त. सौभाग्यवतींनी सिनेमा संपल्यावर आमच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "तुमचा असा काही प्लॅन नाही ना?" 'प्लॅन' इंग्रजी, म्हणून दंड नाही.

'ट्वेल्थ फेल' आमच्या घरात आधीच कन्येने दोनदा पाहिला होता. परीक्षा देणाऱ्या मुलांचा तो देवच झाला आहे. विधू विनोद चोप्रांचा सिनेमा, गोष्ट आपल्याच राज्यातल्या मुरैनाच्या मुलाची. बारावीत कॉपी बंद झाली म्हणून नापास झालेला मनोज पुढे पिठाच्या गिरणीत काम करून आयपीएस होतो. या महिन्याच्या सुरुवातीला जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि विक्रांत मॅसीला अभिनयाचा पुरस्कार शाहरुख खानबरोबर वाटून मिळाला. चांगला आहे. शेवटच्या मुलाखतीला आम्ही सगळे जणू तिथेच बाहेरच्या बाकावर बसलो होतो.

पण आम्हाला लागला तो मनोजचा बाप. छोट्या सरकारी नोकरीतला माणूस. वरच्याने चुकीचं काम सांगितलं, याने ऐकलं नाही, आणि निलंबित झाला. पुढे तो घराबाहेर पडतो, कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आणि हळूहळू वाकत जातो. तो प्रसंग चालू असताना चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, तुमच्या ऑफिसात असं झालं तर तुम्ही काय कराल?"

आम्ही पाणी प्यायला उठलो.

माठाजवळ दोन मिनिटं उभं राहिल्यावर परत आलो आणि खरं ते सांगितलं. सही करायची नाही म्हणून एकदा आम्हीही अडून बसलो होतो, आणि त्याची किंमत म्हणून तीन वर्षं घरापासून लांब काढली. दुसऱ्या एका वेळी अडून बसलो नाही. पोरगी तेव्हा दुसरीत होती, आईचं ऑपरेशन होतं. ती सही आम्हाला अजून आठवते. घरात कोणी काही बोललं नाही. आईने फक्त टीव्हीचा आवाज वाढवला. आठवीतल्या पोराला हे सांगावं की नाही, याबद्दल सौभाग्यवतींचं आणि आमचं अजून एकमत नाही. पण सिनेमा घरच्यांबरोबर पाहण्यात हा धोका असतोच. मल्टिप्लेक्सच्या अंधारात असे प्रश्न कोणी विचारत नाही.

आता महिलांचा विषय, नाहीतर आम्हाला प्रसाद मिळणार नाही. 'बाईपण भारी देवा' २०२३ साली आला तेव्हा आपल्या मंडळातल्या आठ जणी गाडी करून जळगावला गेल्या होत्या, हे आपल्याला आठवत असेल. त्या दिवशी आठ घरांत पिठलं-भात झाला. आम्ही तो यंदा घरी पाहिला. केदार शिंद्यांचा सिनेमा, मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी दुरावलेल्या सहा बहिणी एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने अशा एकीपेक्षा एक. आमचं परखड मत असं, की उत्तरार्ध लांबला आहे आणि पुरुषांना जरा जास्तच धुतलं आहे. हे मत आम्ही घरात मांडलं नाही. सिनेमा संपल्यावर सौभाग्यवती फोन घेऊन गच्चीवर गेल्या. खंडव्याच्या बहिणीशी वडिलांच्या घराच्या वाटणीवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. एक तासाने खाली आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि पुढच्या रविवारी बहीण जेवायला येणार होती. बहीण आली, बऱ्हाणपुरी मावा जिलबी खाऊन गेली. वाटणीचं अजून तसंच आहे, पण बोलणं सुरू आहे. उत्तरार्ध लांबला असं आता आम्ही म्हणत नाही.

जुलैत एका शनिवारी आम्ही धाडस केलं आणि 'कोर्ट' लावला. चैतन्य ताम्हाणेचा २०१४ चा चित्रपट, राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालेला, ऑस्करसाठी भारताकडून गेलेला. एका लोकशाहिरावर खटला चालतो: त्याच्या गाण्यामुळे म्हणे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. सिनेमा संथ आहे. कॅमेरा एका जागी बसतो आणि हलत नाही. चिरंजीव पंधराव्या मिनिटाला झोपले. आम्ही मात्र ताठ बसलो, कारण ते सगळं आमच्या ओळखीचं होतं. कागद वाचणारा तो एकसुरी आवाज, पुढची तारीख, दुष्टपणा नसलेली माणसं आणि तरीही होणारा अन्याय. कोणी ओरडत नाही, कोणी खलनायक नाही. फाईल पुढे सरकते आणि माणूस आत राहतो.

त्यात एक प्रसंग आहे. सरकारी वकील बाई, गीतांजली कुलकर्णींनी फार सुंदर केल्या आहेत, सुट्टीच्या दिवशी नवरा-मुलांना घेऊन मराठी नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीयांची टिंगल चालली आहे आणि सगळं थिएटर टाळ्या वाजवतं आहे. साधी, आपल्यासारखीच कुटुंबं. डबा नेणारी, मुलांचा अभ्यास घेणारी. आम्ही आधी हसलो. मग कन्या म्हणाली, "बाबा, त्या थिएटरात आपण बसलो असतो तर आपण कुठल्या बाजूचे?"

हा तोच प्रश्न, 'छावा'नंतरचा. या वेळी पाणी प्यायला उठलो नाही, पण उत्तरही नव्हतं. इथे वसुलीच्या वेळी आपण 'महाराष्ट्रवाले', आणि मुंबई-पुण्यात आपण 'एमपीवाले'. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत आपण आणि नागपूर एका राज्यात होतो, राजधानीच नागपूर होती. मग रेघ ओढली गेली आणि नागपूर परराज्यात गेलं. माणसं जिथे होती तिथेच राहिली.

त्या रात्री आईने एक गोष्ट सांगितली, जी आम्हालाही नीट माहीत नव्हती. आमचे पणजोबा रावेरकडून इथे आले ते कापसाच्या पेढीवर कारकून म्हणून. त्यांच्यापाशी तलवार नव्हती, खतावणी होती. ते मराठीत हिशेब ठेवत, हिंदीत भाव करत आणि शेजारच्या विणकर मोमिनांशी त्यांच्या बोलीत बोलत. आई म्हणाली, "लुटायला आलेले तीन दिवसांत निघून गेले. आपण राहायला आलेलो." कन्येने ते वहीत लिहून घेतलं.

शेवटचा शनिवार आईचा होता. तिने मागितला 'श्यामची आई', आचार्य अत्र्यांचा, १९५३ चा. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा. याच गोष्टीवर सुजय डहाकेंनी २०२३ साली पुन्हा सिनेमा केला, तोही कृष्णधवल, आणि परवाच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट तोच ठरला. म्हणजे एकाच यादीत आपल्या राज्यातला मनोज आणि कोकणातला श्याम. नवा आम्हाला अजून पाहायचा आहे. आईला मात्र जुनाच हवा होता.

आम्हाला वाटलं, मुलं कंटाळतील. चित्र धूसर, आवाज खरखरीत. कन्या मन लावून पाहत होती. साने गुरुजी आपल्यापासून फार लांब नसलेल्या अमळनेरला शिक्षक होते हे तिला माहीत होतं. पण आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई कोण, ते माहीत नव्हतं. ते आमच्या आईला माहीत होतं. वनमाला म्हणजे ग्वाल्हेरच्या पवार, जन्म उज्जैनचा. सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये, १९४१ साली, पृथ्वीराज कपूरसमोर इराणी रुख्साना त्यांनीच केली होती. आणि बारा वर्षांनी मराठी घराघरातली आई झाल्या त्याही त्याच.

कन्या उठून बसली. "म्हणजे श्यामची आई आपल्याकडची होती?"

आई म्हणाली, "मग? आई कुठली असते त्यावर काय आहे?"

गेल्या आठवड्यात आम्ही कन्येला पुण्याला इंजिनिअरिंगला सोडून आलो. तिसऱ्याच दिवशी फोन आला. खोलीतल्या मुली तिच्या बोलण्याला हसल्या. ती म्हणाली होती, "मी जेवून राहिले." त्यांच्या दृष्टीने ते मराठीच नव्हे. आमच्या पोटात गोळा आला. आम्ही म्हटलं, मग तू काय केलंस? ती म्हणाली, "मी त्यांना विचारलं, 'श्यामची आई' पाहिलाय का? चौघींपैकी एकीनेही नव्हता पाहिला. या शनिवारी आम्ही पाहणार आहोत. नंतर चर्चा मराठीत. आणि बाबा, इथे इंग्रजीला दंड ठेवलाय."

गल्ला तीच घेऊन गेली आहे. जाताना मोजला तेव्हा २१४ रुपये होते, त्यातले १३१ आमचे.

म्हणून जाता जाता मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवतो. नोटशीटशिवायच मंजूर करावा. आपल्याकडे सभागृह आहे, पडदा आहे, गणेशोत्सवापुरता भाड्याने आणतो तो प्रोजेक्टर महिन्यातून एकदा आणता येईल. महिन्यातून एक सिनेमा, कुठल्याही भाषेतला. संपल्यावर चहा आणि अर्धा तास बोलणं, मराठीत, जसं येईल तसं. चुकलं तर चुकलं. 'जेवून राहिलो' चालेल. आजी-आजोबांनी जरूर यावं, कारण वनमालाबाई कुठल्या, हे मोबाईलवर शोधायचं मुलांना सुचत नाही. ते कोणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. आणि मुलांनी अवघड प्रश्न विचारले तर मोठ्यांनी पाणी प्यायला उठायचं, पण परत यायचं. दारात एक गल्ला ठेवू. पहिला रुपया आमचा, कारण आजच्या भाषणात हिंदी शब्द किती आले ते सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत बसून मोजत आहेत.

वीस मिनिटं झाली. सचिव घड्याळ दाखवत आहेत. 

गणपती बाप्पा मोरया!